भिंतीवरच्या सासूबाई

माझ्या सासूबाई वारल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा घरात आल्या, आणि त्यांना आणणारी मी होते.

हे वाचून कुणी रामरक्षा म्हणायला बसू नये. मला मंत्रतंत्र काही येत नाही. मला धड हाताच्या सावलीचं हरीणही करता येत नाही, आणि सगळा घोटाळा झाला तो तिथेच.

साल बावन्न असेल, नाहीतर त्रेपन्न. आम्ही कल्याणला पारनाक्याच्या आतल्या एका गल्लीत राहायचो. एकामागे एक अशा तीन खोल्या. वीज गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली, पण आत यायला तिला काही मुहूर्त सापडत नव्हता, त्यामुळे घरात कंदील. माणसं चार : सासूबाई, मामंजी, हे आणि मी. त्यातल्या सासूबाई भाद्रपदात चार दिवसांच्या तापाने गेल्या. मागे माणसं तीन उरली म्हणायची, पण घरात कुणीच नाही असं वाटायचं. कारण आमच्या घरातलं सगळं बोलणं त्या एकट्या करायच्या! आवाज असा, की त्यांनी स्वयंपाकघरात ‘मीठ कुठे गेलं?’ म्हणून विचारलं की गल्लीतल्या दोन-तीन बायका आपापल्या घरातून वाटीत मीठ घेऊन यायच्या. दहाव्याला कावळासुद्धा पान मांडताक्षणी शिवला. (सासूबाईंना उशीर खपत नसे, हे त्यालाही ठाऊक असणार.)

त्या घरात एक रीत होती. सुनेने सासऱ्यांशी सरळ बोलायचं नाही. मामंजींच्या पानातला भात संपत आला की मी सासूबाईंना हळूच विचारायचे, “भात वाढू का?” सासूबाई मामंजींना विचारायच्या, “भात हवाय का, म्हणतेय.” मामंजी सासूबाईंना सांगायचे, “थोडा.” सासूबाई माझ्याकडे वळून सांगायच्या, “थोडा.” मामंजी आणि मी यांच्यात अंतर दोन हात! पण या वाटेने तीन वर्षं भात, आमटी, औषधं आणि निरोप अगदी सुरळीत ये-जा करत होते. सासूबाई गेल्या आणि वाटच बंद झाली. हे दुपारी सायकल काढून मोहन्याच्या कारखान्यात जायचे, दुसऱ्या पाळीला. संध्याकाळच्या जेवणाला मी आणि मामंजी, दोघंच. मी भाताचं पातेलं घेऊन उभी राहायचे आणि समोरच्या भिंतीला विचारायचे, “भात वाढायचा का?” भिंत काही बोलायची नाही. मामंजीही बोलायचे नाहीत.

आधी वाटलं, दुःख ताजं आहे, होईल कमी. पण मामंजी दिवसेंदिवस आत आतच जायला लागले. मालधक्क्यावरून निवृत्त झालेला हा माणूस, पुरणपोळीच्या दिवशी पैज लावून जेवणारा. आता दोन घास ताकभात खायचा आणि पानावर पाणी सोडायचा. मग मधल्या खोलीतल्या खाटेवर, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. बोलणं नाहीच. आमचे डॉक्टर आले, नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, “आजार काही नाही. पण माणूस जेवतच नसेल, तर आजाराची गरजही नाही.” जाताना ह्यांना अंगणात नेऊन हळू आवाजात म्हणाले, “संक्रांतीपर्यंत हे असंच राहिलं, तर मग कठीण आहे.” हळू आवाजात म्हणाले, पण मी दाराआडच होते.

मला फार भीती वाटायची. भरलेलं ताट रोज तसंच परत आणताना रडू यायचं. वाटायचं, एकदा तरी समोर बसून सांगावं, ‘मामंजी, जेवा हो!’ पण तोंडच उघडायचं नाही. रीत म्हणजे रीत. सासूबाई असत्या तर त्यांनी एका हाकेत ताट रिकामं करून घेतलं असतं. आणि सासूबाई असत्या तर ही वेळच कशाला आली असती!

नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून वन्सं आल्या, दोन मुलींना घेऊन. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मोठी शकू नऊ-दहा वर्षांची, धाकटी निमी पाचेक वर्षांची. वन्सं आल्या त्याच मुळी रडत, आणि टांग्यातून उतरता उतरता मला म्हणाल्या, “सुमन, बाबांना काय केलंस गं?” मी काय करणार! तीन वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हते.

“सुट्टी संपली की मी त्यांना ठाण्याला घेऊन जाते,” वन्सं म्हणाल्या. “इथे बघायला आहे कोण?”

मामंजींना विचारलं. ते भिंतीकडे बघत राहिले. वन्सं म्हणाल्या, “बघ, नाही म्हणाले नाहीत.” (हो तरी कुठे म्हणाले होते!) मला मनातून अगदी भरून आलं. या घरातून सासूबाई गेल्या, आता मामंजीही गेले, तर ह्यांची पाळी संपेपर्यंत मी आणि तीन खोल्या. शिवाय नवख्या जागी तो माणूस दोन घाससुद्धा खाणार नाही, हे मला दिसत होतं. पण बोलणार कोण?

घरात वर्षाचं दुःख. त्या वर्षी दिवाळी नव्हती, फराळ नव्हता, आकाशकंदील नव्हता. आता मुलींनी गाणं म्हटलं की वन्सं डोळे वटारायच्या, सागरगोट्यांचा आवाज झाला की डोळे वटारायच्या. दिवस आखूड, पाच-साडेपाचपासून अंधारून यायचं आणि खाडीवरचं गार वारं फटीफटीतून आत शिरायचं. दोघी पोरी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायच्या. मला बघवेना. म्हटलं, आवाज न करता खेळता येईल असं काय आहे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चला, सावल्या करू या. माझ्या माहेरी सगळ्यांना येतात!”

माहेरी येत होत्या, हे खरं. माझ्या भावाला येत होत्या. तो दहा बोटांत अख्खी पंचायत उभी करायचा. मला येत होतं एक हरीण. तेही माझा भाऊ बघून म्हणायचा, “छान झाली हं, म्हैस.”

तर त्या संध्याकाळी देवाला दिवा लावून झाल्यावर मी मधल्या खोलीत स्टुलावर कंदील ठेवला. भिंत हवी, ती एकच धड होती, मामंजींच्या खाटेसमोरची. बाकीच्यांचे पोपडे निघालेले. मामंजी खाटेवर, पुढ्यात ताट, ताटाला हात लावलेला नाही. वन्सं शेजारी बसून “बाबा, एक घास, माझ्यासाठी” असं चाललेलं. मी कंदील आणि भिंत यांच्या मधोमध जमिनीवर फतकल मारून बसले. शकूने आधी एक कुत्रा केला. बरा झाला. निमीने तळहात दाखवला आणि म्हणाली, “हा हात.” तोही बरा झाला.

“आता मामी, तू!”

आता इथे एक सांगायला हवं. सकाळी नारळ खवताना माझं बोट खवणीवर गेलं होतं, उजव्या हाताची तर्जनी. पेरावर हळद भरून चांगली जाडजूड चिंधी गुंडाळली होती. त्या चिंधीसकट मी हरणाला सुरुवात केली. डावी मूठ इकडे, उजव्या हाताची बोटं तिकडे. शिंगं काही निघेनात. डावी मूठ उजवीच्या मागे जाऊन बसली. तर्जनी वाकली. अंगठा खाली राहिला तो राहिलाच. मी घाईघाईने म्हणाले, “थांबा, थांबा, आत्ता होतंय हरीण.”

मी भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर सासूबाई होत्या!

मागे घट्ट अंबाडा. पुढे कपाळ. आणि नाक! सासूबाईंच्या नाकाला मधोमध एक उंचवटा होता. लहानपणी पाटावरून पडल्या होत्या म्हणे. तो उंचवटा चिंधीने अगदी जिथल्या तिथे बसवला होता. खाली अंगठ्याची हनुवटी. घाबरून माझा हात थरथरला, तशी हनुवटी वर-खाली व्हायला लागली, भराभर. सासूबाई बोलत होत्या. आवाज तेवढा नव्हता.

“आजी!” निमी टाळ्या पिटत म्हणाली. “आजी ओरडतेय!”

वन्संच्या हातातली वाटी खाली पडली. मी हात काढून घेणार, इतक्यात खाटेवरून आवाज आला. तीन महिन्यांत ज्या घशातून शब्द निघाला नव्हता, तो घसा खरवडत म्हणाला, “बरं, बरं. ओरडू नकोस. जेवतो.”

आणि मामंजींनी ताट पुढे ओढलं.

मी हात तसेच धरून बसले. श्वासही घेतला की नाही, आठवत नाही. मामंजी घास घ्यायचे, भिंतीकडे बघायचे. हनुवटी हलली की दुसरा घास. हनुवटी थांबली की हात थांबायचा. मी हनुवटी थांबवलीच नाही. भात संपला, आमटी संपली, वर वाटीभर ताक झालं. माझे दोन्ही हात बधिर झाले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

आनंद व्हायला हवा होता की नाही? वन्संना वेगळंच झालं. बाहेर नेऊन मला म्हणाल्या, “आई आली होती.”

“अहो वन्सं, माझे हात होते. तुमच्यासमोर तर बसले होते!”

“हात तुझे. आली ती आई.”

“मी हरीण करत होते हो!”

“तेच म्हणतेय मी. तू करत होतीस हरीण आणि झाली आई. हे तू केलंस? तुला कधी एवढं नीट काही जमलंय का?”

मुद्दा बिनतोड होता.

सकाळी शेजारच्या अंबूताईंना बातमी कळली. अंबूताईंना कळली म्हणजे पारनाक्याला कळली. त्या पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, “मला तेव्हाच शंका आली होती. कावळा फार घाईने शिवला. इतक्या घाईने शिवतो तो कावळा खरा नव्हे. काहीतरी अडकलंय गं त्यांचं!”

“काय अडकलंय?” वन्संनी विचारलं.

“ते त्यांनाच विचारायला हवं. आज कितीला येणार आहेत?”

कितीला! जशी काही माझ्याकडे नाटक मंडळी उतरली होती. मी ठरवलं, पुन्हा म्हणून सावल्या करायच्या नाहीत. पण संध्याकाळ झाली आणि मामंजी आपण होऊन उठले, भिंतीसमोर नीट मांडी घालून बसले. ताट वाढलं. त्यांनी ताटाकडे बघितलंही नाही, भिंतीकडे बघत राहिले. अर्धा तास गेला. भात गार झाला. शेवटी मीच गुपचूप स्टूल आणलं.

आणि काही केल्या जमेना! हरीण करायला गेले की सासूबाई, आणि सासूबाई करायला गेले की म्हैस. अंबूताई उंबऱ्यात बसून सूचना देत होत्या, “नाक आण, नाक आण पुढे!” मग लक्षात आलं, दुपारी धुणं धुताना चिंधी सुटून गेली होती. शकू धावत जाऊन नवी चिंधी घेऊन आली. चिंधी बांधली, अंगठा वळवला आणि भिंतीवर सासूबाई हजर. मामंजींनी पहिला घास घेतला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. बोट बरं झालं तरी मी चिंधी बांधून हिंडायचे. दुपारी दारं-खिडक्या लावून कंदिलापुढे सराव करायचे, नाहीतर ऐन वेळी नाक चुकायचं. एकदा गवळी दूध घालायला आला, त्याने फटीतून बघितलं आणि दूध उंबऱ्यावरच ठेवून गेला. भटजींना वन्संनीच बोलावून आणलं, शांत करायची तर काय काय लागेल ते विचारायला. ते आले, भिंतीवर सासूबाई दिसताच उपरणं सावरून ताठ बसले. मंत्र गिळले म्हणून सासूबाईंनी त्यांना एकदा भर श्रावणीत झापलं होतं. “वहिनी अगदी शांत आहेत,” असं म्हणून चहाला न थांबता ते गेले.

आणि एक दिवस हे! रात्रपाळीच्या माणसांकडून की कुणाकडून कारखान्यात कळलं. दुपारी निघताना मला म्हणाले, “आई आली होती म्हणे. मला सांगितलं नाहीस.”

“अहो, तुम्हीसुद्धा?”

ह्यांनी डबा घेतला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. म्हणाले, “एकदा मला दाखव ना.”

मी स्वयंपाकघराची खिडकी लावली. भर दिवसा कंदील पेटवला. सासूबाई भिंतीवर आल्या, धुरकट, जरा वाकड्या. हे बघत उभे राहिले. हा सहा फुटी माणूस, आई गेली त्या दिवशी घाटावर सगळ्यांना धीर देत होता, एक टिपूस काढलं नव्हतं त्याने. आता बाहीने डोळे पुसत म्हणाला, “आई, येतो गं मी.” रोज कामावर निघताना म्हणायचे तसंच. आणि सायकल घेऊन गेले. मी कितीतरी वेळ तिथेच बसून रडले. त्या बाईंनी मला तीन वर्षांत एकदाही शाब्बास म्हटलं नाही. पण माझं माहेर लांब कोकणात, आणि माझ्या पहिल्या आजारपणात उशाशी बसून पेज भरवली ती त्यांनीच. हे मला तोवर कुणाला सांगताही आलं नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण मग वन्संनी सासूबाईंशी बोलायला सुरुवात केली.

“आई,” त्या भिंतीला म्हणाल्या, “तुझी मोठी पितळी परात हिने चेपवलीय, ठाऊक आहे का तुला?”

आता काय करावं! मामंजींच्या हातात घास होता. घास आणि तोंड यांच्या मध्ये थांबलेला. त्यांचे डोळे भिंतीवर. मी मनगट जरा वाकवलं. सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. घास आत गेला.

“आणि गोडा मसाला! तुझ्या हाताची चव त्याला आहे का? सांग तूच!”

पुढचा घास तयार होता. सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“दोन वेळा झाडायची पद्धत होती आपल्या घरात. आता एकदाच झाडते. आळशी आहे की नाही?”

आहे, आहे! सासूबाईंनी दोनदा मान हलवली. दोन घास. त्या आठवड्यात मी माझ्याच हातांनी स्वतःला आळशी, उधळी, गबाळी, तोंडाळ (मी!) आणि वळण नसलेली ठरवलं. जितकी माझी निंदा, तितकं मामंजींचं जेवण. चौथ्या-पाचव्या दिवशी तर मलाच वाटायला लागलं, वन्संनी अजून थोडं बोलावं. एक पोळी शिल्लक आहे.

मग अंबूताईही सोडतात का? “वहिनी, माझी किसणी तुम्ही नेली होती, ती आता कुणाकडे मागू?” सासूबाईंनी अंगठा हलवला. अंबूताई म्हणाल्या, “फळीवर म्हणतायत,” आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आमचीच किसणी घेऊन गेल्या.

मामंजी आता सावकाश जेवायला लागले होते. एका पोळीला अर्धा तास. घास चावायचा, थांबायचं, भिंतीकडे बघायचं. चेहऱ्यावर रंग आला होता, पण त्या एका वाक्यानंतर ते पुन्हा काही बोलले नव्हते. वन्सं म्हणायला लागल्या, “बाबांना भ्रम झालाय. त्यांना खरंच आई वाटतेय ती. आता तर न्यायलाच हवं ठाण्याला. चांगला डॉक्टर दाखवायला हवा.” भूक लावता लावता मी त्या माणसाचं डोकं तर बिघडवून ठेवलं नाही ना? माझ्या एका फुकटच्या बढाईपायी!

सुट्टी संपली. सकाळी वन्सं मामंजींना घेऊन निघणार. ट्रंक दाराशी बांधून ठेवलेली. शेवटच्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अंबूताई स्टुलाच्या अगदी शेजारी, त्यांच्या मागे गल्लीतल्या चार बायका. मामंजी पानावर. मी चिंधी बांधून भिंतीपुढे. हात आठ-दहा दिवसांचे दुखावलेले, खांद्यापासून ठणकत होते. पहिले दोन घास झाले, आणि वन्संनी हात जोडले.

“आई, आता शेवटचं विचारते. बाबांना मी ठाण्याला नेऊ ना?”

मामंजींचा घास हातात. सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे. हो म्हणावं, तर उद्या हा माणूस जातो, आणि तिथे चिंधी कुणाच्या बोटाला बांधणार? नाही म्हणावं, तर पोटच्या मुलीला तिच्या आईच्या तोंडून नाही ऐकवायचं, आणि तेही खोटं. सासूबाई काय म्हणाल्या असत्या? मला ठाऊक नव्हतं हो! मी नुसतं त्यांचं नाक करत होते.

माझ्या डाव्या हाताला गोळा आला. असा सणकून, की मूठ आपोआप बाजूला गेली. भिंतीवर सासूबाईंचा अंबाडा डोक्यापासून सुटला आणि एकटाच आढ्याकडे निघाला.

“अगं बाई, मुंडकं!” अंबूताई किंचाळल्या आणि उठल्या. त्यांचा पाय स्टुलाला लागला, स्टूल माझ्या पाठीत आणि कंदील जमिनीवर. काच फुटली, दिवा विझला, गुडुप अंधार! एकजात सगळ्या बायका ओरडायला लागल्या. कुणीतरी ट्रंकेवर आपटलं. कुणीतरी माझ्या पाठीवरून गेलं. (अंबूताईच असणार. वजन ओळखीचं होतं.) निमी “आजी, आजी” करून रडायला लागली.

“कुणी जागचं हलू नका. काच फुटलीय. पोरींना उचलून घ्या.”

मालधक्क्यावर हमालांना हाक देणारा तो जुना आवाज. मामंजींचा! काडी ओढल्याचा आवाज आला. मामंजी काच चुकवत चुकवत देवापाशी गेले, निरांजन पेटवून आणलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी अजून तशीच बसले होते, दोन्ही हात वर.

“सूनबाई,” मामंजी म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलत होते. “हात खाली घे. दुखले असतील.”

मला हात खाली घेता येईनात. शकूने धरून खाली घेतले.

“बाबा, तुम्हाला...” वन्सं चाचरत म्हणाल्या, “तुम्हाला ती आई वाटत नव्हती?”

“मी तिला घाटावर पोचवून आलोय, विमल. मला वेड नाही लागलं.” मामंजी खाटेवर बसले. निरांजन हातातच. “हिचे हात थरथरताना दिसायचे मला. रोज वाटायचं, पुरे म्हणावं. पण नाही म्हणवलं. तेवढीच ती दिसायची. जरा वेळ जेवण लांबवायचो.”

वन्सं तोंडात पदर धरून रडायला लागल्या. मीही. अंबूताई तर सगळ्यांत मोठ्याने.

“ठाण्याला मी येणार नाही,” मामंजी म्हणाले. “हे मला विचारायचं होतंस, भिंतीला नव्हे. चार दिवस राहायला येईन, उन्हाळ्यात.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि सूनबाई, मध्ये निरोप द्यायला आता ती नाही. यापुढे काय सांगायचं असेल ते मलाच सांगायचं. तोंडाने.”

“बाबा!” वन्सं रडायच्या थांबल्या. “सून सासऱ्याशी बोलणार?”

“इतके दिवस बोलतेच आहे की,” मामंजी म्हणाले आणि उरलेला भात खायला बसले.

वन्सं सकाळी मुलींना घेऊन एकट्याच ठाण्याला गेल्या. जाताना मला जवळ घेतलं, आणि परात तांबटाकडे टाक म्हणाल्या. संक्रांत आली. मामंजींनी तिळगूळ खाल्ला, वर गूळपोळ्या मागून घेतल्या. डॉक्टर बघून म्हणाले, “आता जरा कमी जेवा.”

आणि मी बोलायला लागले. आधी घाबरत घाबरत, पदर सावरून. मग पदर न सावरता. तीन वर्षांचं साठलेलं होतं! मामंजी, तपकिरीचे हात उशीला पुसू नका. मामंजी, ओला पंचा खाटेवर टाकू नका. औषध घेतलंत का? मग बाटली भरलेली कशी? कानटोपी घाला, वारं आहे. भात संपवा, अन्न टाकायचं नसतं. हिंडायला गेलात ते एवढा वेळ कुठे होतात? सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मी त्यांच्याशी बोलत होते, आणि मला वाटत होतं, त्या माणसाचं एकटेपण मी कसं छान घालवलं!

माघात एका रविवारी ह्यांना सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, आणि लाटता लाटता मामंजींना दूध न घेतल्याबद्दल बोलत होते. मामंजींनी ह्यांना खाटेजवळ बोलावलं आणि (ह्यांनी मला हे मागाहून सांगितलं) हळूच म्हणाले, “वसंता, बाजारात गेलास की कंदिलाला नवी काच आण.”

“कशाला, बाबा? दुसरा कंदील आहे की.”

“त्याच्या उजेडात सावली नीट पडत नाही,” मामंजी म्हणाले. “हिला म्हणावं, चिंधी बांध आणि बस भिंतीपुढे. ती बरी होती रे. तोंड हलायचं, पण आवाज यायचा नाही.”